सोलापूरचें बंबाचें ठाणें व वर्दीचीं पुस्तकें

शहराच्या इतिहासाचीं साधनें धुंडाळतांना आम्ही संशोधक किल्ला, देवालय व सनदा यांकडे प्रथम वळतों. आगीच्या बंबाचें ठाणें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. परंतु शहर कोणत्या धंद्यावर जगलें व कोणत्या दिशेनें वाढलें, याचा तें ठाणें उत्तम साक्षीदार आहे, असें आमचें मत आहे.

जुन्या सोलापुरांत धाब्याचीं घरें पुष्कळ. मातीचें धाबें गवती छपराप्रमाणें पेट घेत नाहीं. विझविण्याची सामग्री म्हणजे विहिरी, सिद्धेश्वराचें तळें व भिस्त्याची पखाल. १८५२ सालीं नगरपालिका स्थापन झाली; १८७१ सालीं एकरुखचा तलाव पुरा होऊन पुढें त्याचें पाणी नळानें गांवांत आलें. १८७७ सालीं लोक जिला ‘जुनी गिरणी’ म्हणत ती सुरू झाली. कापसाच्या गांठी व सूत यांचे साठे वाढले, आणि आगीचें स्वरूपच पालटलें. १९०१ च्या मुंबई जिल्हा म्युनिसिपल कायद्यानें आग विझविणें हें नगरपालिकांचें आवश्यक कर्तव्य ठरविलें. १ मे १९६४ रोजीं स्थापन झालेल्या महानगरपालिकेकडेही तें कर्तव्य आलें.

ठाण्याची रचना या कर्तव्याला धरूनच असते. वर अधिकारी, त्याच्या हाताखालीं लीडिंग फायरमन, चालक व फायरमन. यांच्या पाळ्या अहोरात्र चालतात. बंबांतील पाणी थोड्याच मिनिटांत सरतें. म्हणून एक गाडी मारा करीत असतां दुसऱ्या गाड्या भरून आणाव्या लागतात. तेव्हां ठाणें कोठें असावें, हा प्रश्न वस्तुतः अंतराचा व पाण्याचा आहे. १८ मे २०२५ रोजीं अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जीव गेले. गिरण्यांचा काळ सरला, तरी सुताचा धोका सरला नाहीं.

वर्दी कधीं आली, गाडी कधीं निघाली, कोण गेले, कधीं परतले, या नोंदी वर्दीच्या पुस्तकांत होतात. अशीं पुस्तकें दोन-चार पिढ्यांचीं एकत्र मिळालीं, तर शहराच्या वाढीचा नकाशाच हातीं येईल. ८ मे १९३० रोजीं सोलापुरांत जमावानें न्यायकचेरी पेटविली. त्या दिवसाचा एखादा असा कागद सांपडल्यास सरकारी व चळवळीच्या कागदांहून निराळा, तिसरा साक्षीदार मिळेल. मोडीच्या रुमालांवर आपण जेवढें प्रेम करितों, त्यांतील थोडें या पुस्तकांच्या वांट्यास यावें. रद्दींत गेलेला कागद आगींत गेलेल्या कागदाइतकाच कायमचा जातो. म्हणून संग्राहकांनीं तीं वेळींच मिळवावीं, अशी आमची विनंती आहे.