कॉलेज संपतंय, पहिली नोकरी कशी शोधायची? रिझ्युमेपासून ऑफर लेटरपर्यंत सगळी माहिती

फायनल इयर सुरू झालं की क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय असतो, प्लेसमेंट. कोणती कंपनी येणार, क्रायटेरिया काय, पॅकेज किती. मी इंजिनिअरिंग केलं तेव्हा मला बारावीला ५७ टक्के होते आणि कॅम्पसला आलेल्या बहुतेक कंपन्यांची अट होती ६०. म्हणजे परीक्षेला बसायच्या आधीच मी बाहेर. पुढचे सात महिने ऑफ-कॅम्पस अर्ज करण्यात गेले. त्यात ज्या चुका केल्या, त्यातल्या निम्म्या तरी कोणी आधी सांगितलं असतं तर टळल्या असत्या. आता आमच्या टीमसाठी मीच फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतो आणि त्याच चुका रोज बघतो. म्हणून हा लेख. उदाहरणं आयटीची आहेत, पण बऱ्याच गोष्टी मेकॅनिकल, सिव्हिल किंवा बीएस्सी, बीकॉम झालेल्यांनाही लागू पडतात.

१. सगळ्यात आधी तुमचे आकडे नीट करा

फ्रेशर्सच्या भरतीत पहिली चाळणी आकड्यांची असते. दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि डिग्री, तिन्हीकडे ६० टक्के आणि एकही ॲक्टिव्ह बॅकलॉग नको, ही अट खूप ठिकाणी दिसते. काही कंपन्या गॅपही विचारतात.

इथे दोन चुका होतात. पहिली, सीजीपीएचे टक्के काढताना सरळ ९.५ ने गुणायचं. तो आकडा सीबीएसईच्या दहावीच्या जुन्या पद्धतीतला आहे. तुमच्या युनिव्हर्सिटीचं सूत्र वेगळं असतं आणि ते बहुतेक वेळा मार्कशीटच्या मागे किंवा युनिव्हर्सिटीच्या परिपत्रकात मिळतं. तेच वापरा. दुसरी चूक म्हणजे ५९.२ चे ६० लिहिणं. जॉइनिंगच्या वेळी मूळ मार्कशीट तपासतात आणि तिथे फरक सापडला की ऑफर जाते.

टक्के कमी असतील तर? मोठ्या कंपन्यांच्या सरसकट भरतीत अडचण येते, हे खरं आहे. पण छोट्या प्रॉडक्ट कंपन्या आणि स्टार्टअप बऱ्याचदा बारावीचे मार्क विचारतच नाहीत. तिथे काम बघतात. मला पहिली नोकरी अशाच २० जणांच्या कंपनीत मिळाली.

२. एटीएस म्हणजे काय आणि रिझ्युमे का वाचला जात नाही?

एटीएस म्हणजे ॲप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टीम. कंपनीकडे आलेले अर्ज साठवणारं हे सॉफ्टवेअर. तुमची पीडीएफ अपलोड झाली की ते त्यातला मजकूर बाहेर काढतं आणि नाव, फोन, शिक्षण, स्किल्स अशा रकान्यांत भरायचा प्रयत्न करतं. मग एचआर त्यात शोधते, उदाहरणार्थ 'जावा' आणि 'एसक्यूएल' असलेले या वर्षीचे पासआउट.

'एटीएस स्कोअर ९० असेल तरच रिझ्युमे पुढे जातो' असं सांगणाऱ्या वेबसाइट्स खूप आहेत. तो स्कोअर त्या वेबसाइटचा स्वतःचा असतो, कंपनीचा नाही. त्याच्यासाठी पैसे देऊ नका. खरा प्रश्न एवढाच की सॉफ्टवेअरला तुमचा मजकूर नीट वाचता येतोय का.

माझा पहिला रिझ्युमे दोन कॉलमचा होता. डावीकडे फोटो, रंगीत पट्टी, स्किल्सपुढे पाचपैकी चार तारे. दिसायला एकदम भारी. पण त्यातला मजकूर उचलला की डाव्या आणि उजव्या कॉलमच्या ओळी एकमेकांत घुसायच्या. फोन नंबर चित्राच्या आत होता, त्यामुळे तो तर यायचाच नाही. तीन महिने मी तोच पाठवत होतो.

ही तपासणी तुम्ही मोबाइलवर दोन मिनिटांत करू शकता:

- रिझ्युमेची पीडीएफ उघडा.
- सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोट्स ॲपमध्ये पेस्ट करा.
- नाव, नंबर, ईमेल, शिक्षण याच क्रमाने आलं का ते बघा.
- मजकूर सिलेक्टच होत नसेल तर तुमची पीडीएफ म्हणजे फक्त फोटो आहे. ती पुन्हा बनवा.

एक कॉलम, एक पान, साधा फॉन्ट पुरेसा आहे. फाइलच्या नावात तुमचं नाव असू द्या, 'फायनल न्यू २' नको. आधार नंबर, पॅन, धर्म, वडिलांचं नाव, घरचा पूर्ण पत्ता यातलं काहीही लिहू नका. रिझ्युमे कुठे कुठे फिरतो याचा पत्ता नसतो.

३. प्रोजेक्ट: लहान चालेल, पण तुमचा हवा

मी बघतो त्यातल्या बहुतेक रिझ्युमेंवर फेस रिकग्निशन अटेंडन्स सिस्टीम किंवा हाउस प्राइस प्रेडिक्शन असतं. प्रोजेक्ट वाईट नाहीत, पण 'हा डेटा कुठून आणला?' असं विचारलं की शांतता.

त्यापेक्षा आजूबाजूचा एखादा प्रश्न घ्या. एका मुलीने हॉस्टेलच्या मेसचा हिशेब ठेवणारं छोटं वेब ॲप बनवलं होतं. कोण किती दिवस जेवलं, सुट्टीचे दिवस वजा, महिन्याचं बिल. ४० मुली ते खरंच वापरत होत्या. मी तिला विचारलं की दोघींनी एकाच वेळी एंट्री केली तर काय होतं? तिला ती अडचण प्रत्यक्ष आलेली होती, त्यामुळे दहा मिनिटं ती त्यावरच बोलली.

रिझ्युमेवर 'मेस मॅनेजमेंट सिस्टीम बनवली' एवढंच लिहू नका. काय वापरलं, किती लोकांनी वापरलं आणि तुमचा वाटा काय, हे दोन ओळींत लिहा. कोड गिटहबवर टाका आणि रीडमी फाइलमध्ये ते कसं चालवायचं ते लिहा. पासवर्ड किंवा एपीआय की कोडमध्ये राहिली नाही ना, हे टाकायच्या आधी बघा.

एआय टूलची मदत घ्यायला हरकत नाही, आम्हीही ऑफिसात घेतो. पण जी ओळ समजावून सांगता येत नाही ती तुमच्या प्रोजेक्टमध्ये ठेवू नका.

४. ऑनलाइन टेस्टमध्ये नक्की कुठे अडतं?

साधारणपणे ॲप्टिट्यूड, लॉजिकल, इंग्रजी आणि कोडिंग असे भाग असतात. टीसीएसची एनक्यूटी ही यातली सगळ्यांना माहीत असलेली परीक्षा. ॲप्टिट्यूडमध्ये टक्केवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, नफा-तोटा असे विषय येतात. स्कॉलरशिपच्या परीक्षेत केलेलंच गणित, फक्त घड्याळ लावून. रोज २० प्रश्न, वेळ लावून, दोन महिने. याला शॉर्टकट नाही.

कोडिंगमध्ये 'माझा कोड तर चालला, तरी नापास कसा?' हा प्रश्न मला सारखा येतो. कारण समोर दिसणाऱ्या दोन उदाहरणांखेरीज लपवलेले टेस्ट केस असतात आणि त्यात इनपुट मोठा असतो.

एक उदाहरण घेऊ. एक लाख आकडे दिलेत, त्यातल्या कुठल्या दोन आकड्यांची बेरीज दिलेल्या संख्येएवढी होते ते शोधायचंय. प्रत्येक आकडा दुसऱ्या प्रत्येकाशी जुळवून बघितला तर जवळपास एक लाख गुणिले एक लाख, म्हणजे १००० कोटींच्या घरात तुलना होतात. जोडी एकदाच मोजली तरी ५०० कोटी. अंदाजासाठी धरतात की सी++ सारख्या भाषेत सेकंदाला साधारण १० कोटी साध्या क्रिया होतात. म्हणजे मिनिटभर तरी लागणार आणि टेस्टची मर्यादा एक-दोन सेकंदांची असते. 'टाइम लिमिट एक्सीडेड' येतं ते यामुळे.

उपाय: आकडे एकेक करून वाचा आणि पाहिलेले आकडे हॅश सेटमध्ये टाकत जा. नवा आकडा आला की 'हवी असलेली बेरीज वजा हा आकडा' आधीच सेटमध्ये आहे का ते बघा. एक लाख आकड्यांसाठी एकच फेरी, काम संपलं. ॲरे, स्ट्रिंग, हॅशिंग, सॉर्टिंग, बायनरी सर्च आणि रिकर्शन हे सहा विषय पक्के झाले की फ्रेशर्सच्या बऱ्याचशा टेस्टला तोंड देता येतं.

टेस्टच्या दिवशी:

- लॅपटॉपचे अपडेट आदल्या रात्री करून ठेवा. स्वतःचा नसेल तर कॉलेजची लॅब आधीच मागून घ्या, बहुतेक टेस्ट मोबाइलवर देता येत नाहीत.
- लाईट गेली तर वायफाय जाणार, म्हणून फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा.
- टॅब बदलला की सिस्टीममध्ये नोंद होते. व्हॉट्सॲप वेब बंद करा.

५. ऑफ-कॅम्पस अर्ज कसे करायचे?

एका क्लिकवर शंभर अर्ज टाकण्यापेक्षा रोज पाच नीट टाका. कंपनीच्या स्वतःच्या करिअर पेजवर जाऊन अर्ज करणं नेहमी चांगलं. गूगल शीटमध्ये पाच रकाने करा: कंपनी, रोल, तारीख, कोणता रिझ्युमे पाठवला, पुढे काय झालं. महिन्याभराने कळतं की अडतंय कुठे. कॉलच येत नसतील तर रिझ्युमे बदला. टेस्टमध्ये पडताय तर सराव वाढवा.

रेफरलसाठी कॉलेजच्या सीनियरना लिंक्डइनवर मेसेज करा, पण 'हाय सर, जॉब है क्या' असा नको. असा करा: 'नमस्कार दादा, मी आपल्या कॉलेजची यंदाची फायनल इयर, कॉम्प्युटरची विद्यार्थिनी. तुमच्या कंपनीत ट्रेनी डेव्हलपरची ही जागा निघाली आहे, लिंक देतेय. मी जावामध्ये हा प्रोजेक्ट केलाय. रिझ्युमे जोडलाय. योग्य वाटलं तर रेफर कराल का?' समोरच्याला दोन मिनिटांत निर्णय घेता येतो.

थेट नोकरी मिळत नसेल तर केंद्र सरकारची राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजना, म्हणजे नॅट्स, बघा. डिग्री किंवा डिप्लोमा झालेल्यांना कंपनीत एक वर्षाचं प्रशिक्षण, स्टायपेंड आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी तर नक्कीच नाव नोंदवावं.

६. इंटरव्ह्यू: इंग्रजीची भीती

फाडफाड इंग्रजीची गरज नाही, मुद्दा कळला पाहिजे. स्वतःची ओळख ९० सेकंदांत द्यायची. फोनवर रेकॉर्ड करा आणि स्वतःच ऐका. पहिल्यांदा ऐकताना लाज वाटते, दहाव्यांदा वाटत नाही. उत्तर येत नसेल तर 'माहीत नाही, पण मी असा विचार करेन' म्हणा. थाप मारलेली दोन प्रश्नांत कळते.

७. ३.६ लाखांचं पॅकेज, हातात किती?

सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च. वर्षाला ३,६०,००० म्हणजे महिन्याला ३०,०००. आता समजा बेसिक १५,००० आणि वर्षाचा व्हेरिएबल पे ३०,००० आहे:

- व्हेरिएबल पे वजा: २,५००
- कंपनीचा पीएफचा वाटा वजा: १,८००
- ग्रॅच्युइटीची तरतूद वजा: साधारण ७२०
- उरला ग्रॉस पगार: साधारण २४,९८०
- त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २००

हातात राहिले साधारण २३,०००. महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, त्यामुळे त्यांना २०० जास्त. विम्याचा हप्ता कापत असतील तर थोडे कमी. पुण्यात किंवा बंगळुरूत रूम घेण्याआधी हा हिशेब करा.

बॉन्ड असेल तर मुदत आणि रक्कम सही करायच्या आधी वाचा. मूळ मार्कशीट किंवा कोरा चेक कोणाकडेही ठेवू नका.

८. पैसे मागितले की थांबा

माझ्या पुण्यातल्या रूममेटला एक दिवस ऑफर लेटर आलं. मोठ्या कंपनीचा लोगो, सही, शिक्का, सगळं होतं. फोनवर दहा मिनिटांचा 'इंटरव्ह्यू' झाला होता. लॅपटॉप आणि ट्रेनिंगचं 'रिफंडेबल डिपॉझिट' म्हणून १८,००० मागितले. त्याच्या वडिलांनी पतसंस्थेतून काढून पाठवले. जॉइनिंगच्या तारखेला हा बॅग घेऊन ऑफिसच्या गेटवर गेला, तेव्हा सिक्युरिटीने सांगितलं की असे या आठवड्यात तुम्ही चौथे. घरी सांगायला त्याला दोन महिने लागले.

हे तपासा:

- नोकरीसाठी कोणत्याही नावाने पैसे मागितले, तर ती फसवणूक समजा.
- मेल कुठून आलाय? जीमेलवरून किंवा कंपनीच्या नावात एखादं अक्षर बदललेल्या पत्त्यावरून असेल तर सावध.
- कंपनीची वेबसाइट स्वतः टाइप करून उघडा आणि तिथल्या पत्त्यावर विचारा. लेटरमधल्या नंबरवर फोन करून उपयोग नाही.
- छोटी कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर तिची नोंदणी शोधा. प्रत्येक कंपनीला २१ अक्षर-अंकांचा सीआयएन असतो.
- 'फॉर्म भरायला' म्हणून पाठवलेली एपीके फाइल इन्स्टॉल करू नका, ओटीपी देऊ नका.

पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त.

दुसरा सापळा खोट्या अनुभवाचा. 'दोन वर्षांचा एक्सपिरियन्स दाखवून देतो' म्हणणारे बरेच भेटतील. पीएफच्या यूएएन खात्यात कुठल्या कंपनीत कधीपासून होतात याची नोंद असते आणि बॅकग्राउंड चेकमध्ये कंपन्या ती बघतात. पकडलं गेलं तर नोकरी जाते आणि पुढच्या ठिकाणी काय सांगायचं हा प्रश्न राहतोच.

आज काय करायचं?

रिझ्युमेची कॉपी-पेस्ट तपासणी आजच करा. गूगल शीट बनवा. २० ॲप्टिट्यूडचे प्रश्न सोडवा. आणि घरी आई-बाबांना सांगून ठेवा की नोकरीसाठी कोणी पैसे मागितले तर आधी मला विचारा. मला सात महिने लागले, तुम्हाला कदाचित दोन लागतील, कदाचित दहा. ग्रुपवर कोणाचं काय झालं ते बघत बसू नका, तुमच्या शीटमधली पुढची ओळ भरा.