यंत्र मिळाले, अक्षर राहिले

महाविद्यालयात किंवा विद्यापीठात नव्याने रुजू झालेल्या अध्यापकाच्या हाती पहिल्या काही दिवसांत काय काय दिले जाते, याची यादी केली तर त्या त्या काळातील विद्याव्यवहाराचे एक चित्रच आपल्याला मिळते. एके काळी ही यादी हजेरीपट, खडूची पेटी, ग्रंथालयाचे कार्ड आणि प्राध्यापकांच्या खोलीतील एक कप्पा एवढ्यावर संपत असे. पुढे तीत संगणक, पासवर्ड, ई-मेल आणि निरनिराळ्या संकेतस्थळांवरील खाती यांची भर पडत गेली. यादी लांबली खरी. परंतु भाषेच्या अध्यापकापुरते पाहिले तर तीतून एक गोष्ट दीर्घकाळ गळालेली दिसते. ती म्हणजे त्याची लिपी. यंत्र संस्थेने द्यायचे आणि अक्षर ज्याचे त्याने शोधायचे, अशी वाटणी नकळत होऊन गेली. ती कशी झाली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

हा इतिहास मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट किंवा कालिना येथील इमारतींतून पाहण्यापेक्षा विठ्ठलवाडीहून पाहिला तर अधिक स्पष्ट दिसतो. कल्याण सोडून कर्जतकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती विठ्ठलवाडीला, म्हणजे उल्हासनगरच्या उंबरठ्यावर. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन वसले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी महाविद्यालयासारखी येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. संलग्न महाविद्यालयातील अध्यापक विद्यापीठाचा अभ्यासक्रम शिकवतो, विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासतो; मात्र विद्यापीठाच्या घरात तो राहत नाही. घरात आलेली सुविधा त्याच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. शिवाय या गावात मराठी आणि सिंधी शेजारी नांदतात. फाळणीनंतर भारतात सिंधीची लिपी अरबी वळणाची असावी की देवनागरी, हा वाद उभा राहिला आणि दोन्ही लिप्या वापरात राहिल्या. १९६७ साली सिंधीचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला. लिपी ही गृहीत धरण्याची वस्तू नव्हे, हे या गावाला वेगळे सांगावे लागत नाही.

मुंबईत संगणक आला तो अंकांसाठी. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रा. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला ‘टिफरॅक’ १९६० मध्ये कार्यान्वित झाला; १९६४ मध्ये त्याच संस्थेत ‘सीडीसी ३६००’ हा मोठा संगणक आला आणि बाहेरच्या संस्थांतील संशोधकही त्यावर आपली गणिते सोडवून घेऊ लागले. छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची, ही त्या काळची संगणकसेवा. मराठीच्या अध्यापकाने ती मागितली नाही आणि त्याला कोणी विचारलेही नाही. त्यात कोणाचा दोष होता असे म्हणता येणार नाही. यंत्रच तसे होते.

दोष शोधायचा तर तो पुढच्या टप्प्यात शोधावा लागेल. १९८६ साली शैक्षणिक संस्थांना जोडणारे ‘अर्नेट’ हे जाळे उभे राहू लागले. त्याच्या आरंभीच्या आठ घटकांत पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग होता. शेकडो संलग्न महाविद्यालयांचा भार वाहणारे एकही पारंपरिक विद्यापीठ त्यांत नव्हते. विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या संस्था आधी, विद्यापीठे मागून आणि संलग्न महाविद्यालये सर्वांत शेवटी, असा क्रम ठरून गेला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा संस्थेची वाट न पाहता स्वतःच्या पैशाने जोडणी घेण्याचा मार्ग अध्यापकासमोर उघडला.

आणि तरीही अक्षराची तयारी झालेली होती, ही या इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट आहे. त्याच १९८६ साली इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक प्रमाण ठरवला. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजने आणि सर्व भारतीय लिप्यांना एकच मांडणी, असे त्याचे साधे तत्त्व. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले ‘जिस्ट’चे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ ही संकेतप्रणाली प्रमाणित केली आणि त्याच वर्षी ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती आली; तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर आधारलेली होती. म्हणजे महाविद्यालयांच्या टेबलांवर संगणक सर्रास दिसू लागण्यापूर्वीच देवनागरीचे प्रमाण कागदावर सिद्ध होते.

एवढेच नव्हे, तर या कामात एक मराठी कवी होता. र. कृ. जोशी हे कवी, सुलेखनकार आणि पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राचे अध्यापक. ‘विंडोज २०००’बरोबर घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचा. साहित्याच्या इतिहासात त्यांची नोंद प्रयोगशील कवी म्हणून होते. परंतु ज्या अक्षरांतून आपण गेली पंचवीस वर्षे शासकीय पत्रे, प्रश्नपत्रिका आणि अर्ज वाचत आलो, ती अक्षरेही याच कवीच्या हातची आहेत, हे आपल्या अभ्यासक्रमांत क्वचितच सांगितले जाते.

मग अडले कोठे? अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या ठिकाणी. २००१ मध्ये आलेल्या ‘विंडोज एक्सपी’मध्ये देवनागरीची सोय होती, पण ती झाकलेली होती. प्रादेशिक भाषांच्या मांडणीत जाऊन एका चौकोनात खूण करायची, मूळ सीडी घालायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा, एवढेच काम, दहा मिनिटांचे. मात्र त्यासाठी यंत्रावर अधिकार लागे आणि ती सीडी लागे. नव्याने रुजू झालेल्या भाषेच्या अध्यापकाकडे या दोन्ही गोष्टी सहसा नसत, आणि ज्यांच्याकडे त्या असत त्यांना मराठीची गरज पडत नसे. ही दहा मिनिटे कोणाच्या कामात मोडतात, हे कोठेच लिहिलेले नव्हते. सेवा उपलब्ध असणे आणि ती माणसापर्यंत पोहोचणे यांतील अंतर ते हेच.

ही पोकळी बाजाराने भरून काढली. निरनिराळ्या कंपन्यांचे मराठी टंक आले. ते सुबक होते, छपाईला सोयीचे होते आणि त्यांनी मराठी मुद्रणाची मोठी सेवा केली, हे मान्यच केले पाहिजे. पण त्यांची युक्ती अशी की, रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले. डोळ्यांना मराठी दिसे. संगणकाच्या लेखी तो मजकूर म्हणजे अर्थहीन रोमन चिन्हांची रांग. शिवाय प्रत्येक कंपनीची जुळणी वेगळी. एका यंत्रावर लिहिलेले प्रकरण तो टंक नसलेल्या दुसऱ्या यंत्रावर उघडावे, तर पडद्यावर नुसता खिचडा.

याची किंमत प्रबंधांनी मोजली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले आणि ‘शोधगंगा’ हे भांडार उभे राहिले. तेथे आज मराठीतील प्रबंध मोठ्या संख्येने वाचता येतात. मात्र जुन्या टंकात लिहिलेल्या किंवा नुसती छायाप्रत म्हणून चढवलेल्या प्रबंधात एखादा शब्द शोधून पाहावा, तर तो सापडत नाही. इंग्रजीचा संशोधक क्षणात संदर्भ काढतो. मराठीचा संशोधक चारशे पाने उलटतो. प्रबंध जपला गेला, पण त्यातला मजकूर मुका झाला.

प्रमाण संकेतप्रणालीही आरंभी परिपूर्ण नव्हती. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत मराठी माणूस जो भेद सहज करतो, तो यंत्राला समजावून द्यावा लागला. इंग्रजी शब्दांसाठी आपण वापरतो तो ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला तो २००८ मध्ये. उल्हासनगरच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे म्हणजे, सिंधीतील आत ओढून उच्चारल्या जाणाऱ्या चार व्यंजनांसाठीची खाली रेघ असलेली देवनागरी अक्षरे ॻ, ॼ, ॾ, ॿ २००६ मध्ये समाविष्ट झाली. त्यापूर्वी देवनागरीत सिंधी शिकवणाऱ्या अध्यापकाला यंत्र मिळाले असते, तरी आपल्या भाषेची चार अक्षरे त्याला त्यात प्रमाण रूपात सापडली नसती.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही ध्यानात ठेवावे लागेल. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय मुंबई विद्यापीठाने घेतला. सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका होत्या. हजारो अध्यापक एका रात्रीत नव्या सेवेचे नवे वापरकर्ते झाले; निकालांसाठी कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, विद्यार्थ्यांचे पुढचे प्रवेश अडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. संस्थेला अध्यापक यंत्रावर हवा असतो तेव्हा तो तत्काळ हवा असतो. अध्यापकाला यंत्रात आपली भाषा हवी असते तेव्हा तो प्रश्न वैयक्तिक ठरतो. या दोन्ही प्रसंगांत उणीव एकच आहे: सेवा उभारणे म्हणजे यंत्रे आणि पासवर्ड वाटणे, ही समजूत.

आज मराठी टंकलेखनाचा प्रश्न सुटला आहे, असे कोणी म्हणेल आणि ते बरेचसे खरेही आहे. खिशातल्या फोनवर मराठी कळफलक असतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. परंतु १९९० ते २०१० या काळातील व्याख्याने, टिपणे, प्रबंध आणि नियतकालिकांच्या अंकांचे मजकूर अजून जुन्या टंकांत अडकलेले आहेत आणि ते लिहिणारी पिढी निवृत्त होत आहे. तिचे संगणक भंगारात गेले की त्यांतले मराठीही जाईल. म्हणून भाषाविभागात रुजू होणाऱ्या नव्या अध्यापकासाठीच्या यादीत दोन ओळी वाढवणे अगत्याचे आहे: येथे लिहिला जाणारा प्रत्येक मजकूर युनिकोडमध्ये असेल, आणि विभागातील जुन्या फायली युनिकोडमध्ये आणण्याचे काम अमुक व्यक्तीकडे, तिच्या कामाच्या तासांत, सोपवलेले आहे. दुसरी ओळ अधिक महत्त्वाची. ज्या कामाला माणूस नेमलेला नसतो ते होत नाही, हे त्या दहा मिनिटांनी आपल्याला शिकवलेले आहे.