पटाशीच्या नावाचं गाव

गेले काही भाग मी तुम्हाला लढायाच सांगतोय. फौजी माणूस, दुसरं काय सांगणार? आजही गोष्ट एका हत्याराचीच आहे, पण ते बंदुकीच्या जातीचं नाही. ती सुताराची पटाशी आहे.

फिलिपिन्सला मी गेलो तो आपल्या शिपायांच्या मागावर. १७६२ साली इंग्रजांचं आरमार मद्रासहून निघालं आणि त्यांनी स्पेनकडून मनिला जिंकून घेतलं. त्या फौजेत मद्रासकडचे हिंदी शिपाई होते. १७६४ मध्ये इंग्रजांनी शहर परत केलं, पण काही शिपाई जहाजावर चढलेच नाहीत. मनिलाच्या पूर्वेला काइन्ता नावाचं गाव आहे, तिथे ते राहिले. तिथल्याच मुलींशी लग्नं केली आणि तिथलेच झाले. मला ते गाव बघायचं होतं. बघितलं. आता ते मनिलाच्या गर्दीत मिसळून गेलंय.

दिवस हाताशी होता. तोच रस्ता पुढे लागुना दे बाय या प्रचंड सरोवराच्या काठाने पूर्वेकडे जातो. गाडीवाला म्हणाला, "सर, पाएते बघा. लाकूड कोरणाऱ्यांचं गाव आहे." गेलो. एका बाजूला सरोवर, पाठीशी सिएरा माद्रेचे डोंगर, मध्ये चिंचोळ्या गल्ल्या. आणि गल्लीत शिरताच तो आवाज आला. ठक, ठक, ठक. मोगरीचा पटाशीवर पडणारा ठोका. तो आवाज मला ओळखीचा होता. का, ते शेवटी सांगतो.

तिथल्या तागालोग भाषेत 'पाएत' म्हणजे पटाशी. त्यावरूनच गावाचं नाव पडलं. आता एक धोक्याची सूचना. पाएत आणि पटाशी ऐकायला जवळचे वाटतात म्हणून उद्या कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर "फिलिपिन्समध्ये मराठी सुतार" असा संदेश फिरवेल. कृपा करून फिरवू नका. नुसत्या आवाजाच्या साम्यावर इतिहास उभा राहत नाही.

खरं नातं दुसरीकडे आहे. तागालोगमध्ये संस्कृतातून गेलेले शब्द आहेत. चेहऱ्याला ते 'मुखा' म्हणतात, शिक्षकाला 'गुरो', वनदेवतेला 'दिवाता'. आणि घडवणं, निर्माण करणं याला 'लिखा'. हा शब्द अभ्यासक आपल्या 'लेखा'शी जोडतात. हा 'लिखा' लक्षात ठेवा.

पाएतेची स्थापना १५८० ची मानतात. हुआन दे प्लासेन्सिया आणि दिएगो दे ओरोपेसा या दोन फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी आसपासच्या वस्त्या एकत्र करून गाव बसवलं. याच प्लासेन्सियाने १५८९ मध्ये तागालोग लोकांच्या चालीरीतींवर एक टिपण लिहिलं. त्यात तो सांगतो की या लोकांकडे निरनिराळ्या आकारांच्या मूर्ती असत आणि त्यांना ते 'लिखा' म्हणत. म्हणजे ज्याने गाव वसवलं, त्यानेच जुन्या देवांचं नाव कागदावर उतरवून ठेवलं. आणि त्याच काळात त्याच्यासारखे पाद्री ते देव मोडून जाळत होते.

फौजेत शिकवतात की किल्ला पडला की आतली शस्त्रं आधी ताब्यात घ्या. पाद्र्यांनी त्याहून मोठी गोष्ट ताब्यात घेतली, ती म्हणजे कारागिरांचे हात. देव बदलला, पण मूर्ती कोरायला तागालोग हातच लागले. पुढची तीनशे वर्षं पाएतेच्या गल्ल्यांतून येशू, मेरी आणि संत घडून बाहेर पडले. चर्चसाठी, श्रीमंतांच्या देवघरांसाठी. मारिआनो माद्रिन्यान या इथल्या मूर्तिकाराच्या दुःखी मातेच्या मूर्तीला १८८३ च्या अ‍ॅमस्टरडॅम प्रदर्शनात पारितोषिक मिळालं.

गावातलं चर्च सेंट जेम्सच्या नावाचं. भूकंपांत त्याची पडझड झाली, ते पुन्हा उभं राहिलं. आत होसे लुसियानो दान्स या स्थानिक चित्रकाराचं एकोणिसाव्या शतकातलं मोठं चित्र आहे, स्वर्ग, पृथ्वी आणि नरक. त्यापुढे मी बराच वेळ उभा होतो. गुड फ्रायडेच्या आठवड्यात घराघरांतल्या मूर्ती सजवलेल्या गाड्यांवरून मिरवणुकीने निघतात, असं कळलं. मला आपली पालखी आठवली.

१८९८ मध्ये स्पेन गेलं, अमेरिका आली. १९४२ मध्ये जपान आलं. १९४६ मध्ये देश स्वतंत्र झाला. पटाशी चालूच होती. गिऱ्हाईक बदललं तसं कारागिरांनी काम बदललं. बाक्या म्हणजे लाकडी खडावा कोरल्या, पर्यटकांसाठी घोडे आणि बैल कोरले. लाकडाच्या साच्यावर कागदाचे थर चिकटवायचे, वाळले की कापून काढायचे, पुन्हा जोडून रंगवायचे, अशी 'ताका' नावाची खेळणीही केली. २००५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी पाएतेला फिलिपिन्सची कोरीवकामाची राजधानी म्हणून जाहीर केलं.

एका पडवीत सत्तरीचे एक कारागीर बसले होते. पुढे अर्धवट कोरलेला चेहरा. गाडीवाला दुभाष्या झाला. मी विचारलं, "काका, लाकूड कुठलं?"

"बातिकुलिंग," ते म्हणाले. "मऊ कोरलं जातं, वाळवी लागत नाही. पण डोंगरात आता फारसं उरलं नाही. तोडीवर निर्बंध आहेत, आणि ते बरोबरच आहेत. झाड राहिलं तर पुढे लाकूड मिळेल."

"मुलं हे काम करतात?"

ते हसले. "धाकटा कोरतो की. परदेशी जहाजावर. बर्फ." पर्यटकांच्या जहाजांवर जेवणाच्या टेबलावर ठेवायला बर्फाचे हंस कोरतात ना, ते काम. पाएतेचे बरेच हात आज तिथे आहेत. मग ते म्हणाले, "हात चांगला आहे त्याचा. पण जे कोरतो ते रात्री वितळून जातं. घरी पाठवायला फोटो उरतो."

मला पुढे काही विचारवेना.

आता तो आवाज. माझे आजोबा सुतार होते. गावच्या देवळाच्या पालखीचा दांडा त्यांनी कोरलेला. लहानपणी सुट्टीत मी त्याच ठक ठक आवाजाने जागा व्हायचो. त्यांची हत्यारांची पेटी वडिलांनी जपून ठेवली होती. वडील गेले तेव्हा मी सीमेवर. घर रिकामं करायला चार दिवसांची रजा मिळाली. ती पेटी मी भंगारवाल्याला देऊन टाकली, वजनावर. पटाश्या, वाकस, रंधा, गिरमिट. माझी मेडल्स मात्र काचेच्या कपाटात आहेत.

त्या आजोबांनी पटाशी माझ्या हातात दिली. मुठीवर अंगठ्याची जागा झिजून खोलगट झाली होती. आमच्या पेटीतल्या पटाशीची मूठही तशीच होती, हे मला तेव्हा आठवलं.

राज्यकर्ते काय कोरायचं ते ठरवतात. कसं कोरायचं हे बापाकडून मुलाकडे हातातूनच जातं, आणि एक पिढी तुटली की ते कुठल्या जाहीरनाम्याने परत येत नाही. तेव्हा एवढं करा. तुमच्या घरात कुणी सुतार, कासार, विणकर, कुंभार असेल किंवा होऊन गेला असेल, तर त्यांच्या हत्यारांची नावं आणि ती धरायची रीत घरातल्या थोरांना विचारून लिहून ठेवा. पेटी असेल तर मोडीत घालू नका. मी घातली, म्हणून सांगतोय.

पुढच्या भागात काइन्ताच्या शिपायांकडे परत जाऊ. जय हिंद.