कापडावरची निळी रेघ

शिवणकामाच्या इतिहासात सुईचे कौतुक पुष्कळ झाले आहे. टाका कोठे पडावा हे जिने ठरविले, त्या रेघेचे मात्र फारसे झालेले नाही. तिचे काम मोठे अवघड. शेवटचा टाका पडेपर्यंत तिने टिकले पाहिजे आणि नंतर मागे डाग न ठेवता निघून गेले पाहिजे.

महाराष्ट्रातील गोधडीला तिची गरज क्वचितच भासली. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर पसरून कडेपासून धावदोरा घातला, की पहिली ओळच दुसरीला वाट दाखवी. वेलबुट्टी आली, की मात्र आधी आखणे आले. लखनौचे चिकनकाम करणारे लाकडी ठशांनी कच्च्या रंगात नक्षी छापतात व भरतकाम संपल्यावर ती धुऊन काढतात. जरदोजीचे कारागीर कागदावरील नक्षीच्या रेघेवरून सुईने बारीक छिद्रे पाडतात. हा खाका कापडावर ठेवून वरून रंगाचा बोळा फिरविला, की छिद्राछिद्रांतून ठिपके खाली उतरतात. युरोपातही ही युक्ती जुनीच. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पागानिनो याने काढलेल्या भरतकामाच्या पुस्तकात नक्षी उतरवून घेणाऱ्या स्त्रियांचे चित्र आहे. तशी पुस्तके आज दुर्मिळ आहेत, त्याचे एक कारण या टोचणीतच आहे: पानांचाच खाका केला जाई आणि टोचून टोचून त्यांची चाळण होई.

इंग्लंडच्या उत्तरेस रजया शिवणाऱ्या बायका साचे ठेवून बोथट सुईने कापडावर ओरखडा काढीत. तो फार काळ टिकत नसे; म्हणून चौकटीवर ताणलेला असेल तेवढाच भाग आखावयाचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्थम्बरलंडमधील ॲलनहेड्स या शिशाच्या खाणींच्या गावी जॉर्ज गार्डिनर नावाच्या दुकानदाराने संबंध कापड निळ्या पेन्सिलीने आखून देण्यास आरंभ केला. त्याची शिष्या एलिझाबेथ सँडरसन (१८६१–१९३३) हीही या कामात नावाजली. बायका कोरे कापड देत, आखलेले परत घेत आणि घरच्या चौकटीवर शिवीत. पुढे रजई शिवणारीच्या घराण्याची म्हणून मिरवे. आखणाऱ्या हाताचे नाव बहुधा मागे पडे.

हाउ याला १८४६ मध्ये आणि सिंगर याला १८५१ मध्ये पेटंट मिळाले, आणि शिवणयंत्राने हा प्रश्नच पालटला. हाताने शिवणारी स्त्री टाक्यागणिक थांबू शकते. रेघ पुसली तर अंदाजाने पुढे जाते. यंत्राची सुई तेवढी उसंत देत नाही. शिवाय रजईचा सारा गोळा यंत्राच्या अरुंद कमानीखालून गुंडाळून, दाबून, फिरवून न्यावा लागतो, आणि या घासण्यात खडूची भुकटी पाहता पाहता झडते. रेघ पक्की हवी. आणि पक्की रेघ तर धुण्याने जात नाही! १८७० च्या दशकात मँचेस्टरच्या ब्रिग्ज कंपनीने इस्त्रीने उतरणारे छाप काढले. छाप ठसठशीत उठे, पण तो धाग्याने झाकणे भाग असे. भरतकामात ते साधते. रजईच्या एकेरी टाक्यात साधत नाही. नक्षीचा घाटही बदलला. सुटी फुले घेतली, तर दर फुलामागे दोरा तोडून गाठ मारावी लागे. म्हणून एकाच अखंड रेघेत फिरणाऱ्या वेली यंत्राला मानवल्या. मौज अशी, की खाका पाडण्याचे कामही यंत्राकडेच आले. दोरा न ओवता कागदांच्या चारसहा थरांवरून सुई चालविली, की एका फेरीत तितके खाके तयार.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाण्याने जाणाऱ्या शाईची लेखणी आली. सोयीची खरी, पण चुकून इस्त्री फिरली, तर तिची निळी रेघ कायमची बसू शकते. त्यानंतरच्या, उष्णतेने नाहीशा होणाऱ्या शाईची तऱ्हा उलटी. कडाक्याच्या थंडीत ती पुन्हा उमटू शकते, आणि रजई तर थंडीसाठीच शिवलेली! संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या यंत्रांना कापडावर रेघच लागत नाही.

ॲलनहेड्सच्या आखणाऱ्यांचा माग मात्र आता त्या रेघेवरूनच काढता येतो. ज्या रजया कधी धुतल्या गेल्या नाहीत, त्यांच्यावर टाक्यांच्या आडून निळी पेन्सिल अजून दिसते.