पुतळीत व्हेनिस, बोरमाळेत रान: मराठी दागिन्यांचे आकार आले कुठून आणि उन्हाळ्यातला तो जुना थाट होता तरी कसा?

गुढीपाडव्याची सकाळ. डोंबिवलीचा फडके रोड. ऊन अजून डोक्यावर यायचंय, पण रस्ता केव्हाच भरलाय. नऊवारी, नाकात नथ, कानात बुगडी, गळ्यात ठुशी, अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा आणि एका हातात मोबाईल. १९९९ मध्ये इथल्या गणेश मंदिर संस्थानाने नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि बघता बघता ठाणे, कल्याण, गिरगाव अशी ती सगळीकडे पसरली. ठाण्यात कौपिनेश्वर मंदिराच्या न्यासाची यात्रा निघते. या यात्रांनी आणखी एक गोष्ट केली, जिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. आजीच्या डब्यात पडून असलेले दागिन्यांचे प्रकार त्यांनी पुन्हा रस्त्यावर आणले.

फोटोखाली ‘व्हिंटेज लूक’ असं लिहिलेलं असतं. पण या दागिन्यांचे आकार मुळात सुचले कुणाला आणि कशावरून? यातली उत्तरं काही झाडावर सापडतात, काही शेतात, आणि एक तर थेट इटलीत.

आधी कल्याणच्या एका सोनाराची गोष्ट

कल्याण म्हटलं की आज जंक्शन आठवतं. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात हे बंदर होतं. ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे. बोरिवलीच्या जंगलातल्या कान्हेरी लेण्यांमध्ये दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत आणि त्यात कल्याणचे बरेच लोक आहेत. त्यातला एक सामिदत नावाचा सोनार. त्याने भिक्षूंसाठी पाण्याचं टाकं दान दिल्याची नोंद लेण्यात आहे. म्हणजे कल्याणचा सोनार दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळात इतका सुस्थितीत होता की दगडात टाकं खोदून द्यायची त्याची ऐपत होती. त्याने घडवलेला दागिना कसा दिसायचा हे कळायला मार्ग नाही. पण सोनं, बंदर आणि परदेशी व्यापार या तिन्ही गोष्टी या खाडीकाठी फार जुन्या आहेत, एवढं नक्की.

आकार आले रानातून आणि शेतातून

मराठी दागिन्यांची नावं नुसती मोठ्याने वाचली तरी डिझाइन कुठून आलं ते कळतं. बोरमाळ म्हणजे बोराएवढ्या, बोराच्या आकाराच्या मण्यांची माळ. जोंधळी पोत म्हणजे ज्वारीच्या दाण्यांसारखे बारीक मणी. जवमणी म्हणजे जवाच्या दाण्याचा आकार. पोहेहार म्हणजे चपट्या पोह्यांसारख्या पानड्या. जोडव्यांबरोबर पायाच्या बोटात जाते ती मासोळी. राजवाड्यातली कल्पना यात नाही. ज्या घरात वर्षाचं धान्य कणगीत भरलं जायचं, त्या घरातल्या बाईला समृद्धी म्हणजे काय वाटत होतं, तेच सोनाराने घडवून दिलं.

दुसरा गट फुलांचा, आणि गंमत म्हणजे त्यातली बरीच फुलं उन्हाळ्याची. बकुळीहारातलं प्रत्येक फूल बकुळीसारखं कातरलेलं. चाफेकळी म्हणजे सोनचाफ्याची न उमललेली कळी. केसात खोवायचं केतक केवड्याच्या पानावरून आलेलं. त्याच्या सोबतीला राखडी, मूद, नाग, चंद्रकोर आणि सोन्याचं गुलाबाचं फूल. मोत्यांची कुडी तर सरळसरळ फूलच: मध्ये एक आणि भोवती पाकळ्यांसारखे बाकीचे.

हे उगीच झालेलं नाही. चैत्र-वैशाखात बायका केसात खरी फुलं माळतच होत्या, पण ती संध्याकाळपर्यंत कोमेजतात. सोनाराने न कोमेजणारी करून दिली, आणि खऱ्या गजऱ्याशेजारी ती शोभायलाही लागली.

ठुशीचं मात्र वेगळं आहे. तिचं सौंदर्य आकारात नाही, दाटीत आहे. मणी ठासून बसवलेले, मध्ये फट नाही, म्हणून ठुशी, असं नावाचं स्पष्टीकरण सहसा दिलं जातं. वज्रटिकेत मण्यांच्या ओळी कापडाच्या पट्टीवर बसवतात, त्यामुळे ती गळ्याला टोचत नाही. कोल्हापुरी साजात धर्म येतो. परंपरेने त्यात एकवीस पानं मोजतात: दहा अवतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरल्याचं. प्रत्यक्षात दुकानात मिळणाऱ्या सगळ्याच साजांत हा हिशोब जुळतो असं नाही. घेताना एकदा मोजून बघायला हरकत नाही.

पुतळी: गळ्यातलं व्हेनिस

आता इटलीची गोष्ट. पुतळीहार सगळ्यांना माहीत असतो. गोल, नाण्यासारख्या चकत्या आणि त्यावर उभ्या आकृत्या. पण त्या आकृत्या कुणाच्या?

व्हेनिसने १२८४ मध्ये डुकाट नावाचं सोन्याचं नाणं पाडायला सुरुवात केली. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, आणि सोनं त्या काळात शक्य तितकं चोख. एका बाजूला संत मार्क व्हेनिसच्या प्रमुखाला ध्वज देतोय आणि तो प्रमुख गुडघ्यावर बसलाय. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या वलयात उभा येशू. मसाल्याच्या व्यापारातून ही नाणी हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आली आणि पुढची कित्येक शतकं येतच राहिली. इथल्या लोकांना लॅटिन अक्षरं वाचता येत नव्हती. पण सोनं चोख आहे हे कळत होतं, आणि नाण्यावर माणसांच्या आकृत्या म्हणजे पुतळ्या आहेत हे दिसत होतं. नाव पडलं पुतळी. नाणं इतकं चाललं की इथल्या सोनारांनी त्याच्या नकला पाडल्या. नकलेची नक्कल होता होता अक्षरांची नुसती रेघोटी झाली आणि संत-राजाच्या जागी लोकांना राम-सीता, लक्ष्मी दिसायला लागल्या. पुढे तर सरळ लक्ष्मीच कोरली जाऊ लागली.

रोमच्या बुल्गारी या घराण्याने १९६० च्या दशकापासून जुनी ग्रीक-रोमन नाणी जडवून गळ्यातले दागिने करायला सुरुवात केली. आज ती मालिका जगभर प्रसिद्ध आहे आणि जुनं नाणं गळ्यात घालणं हा मोठा डिझायनर विचार समजला जातो. मराठी सोनार ते बऱ्याच आधीपासून करत होता. त्याला कुणी डिझायनर म्हणालं नाही, इतकंच.

मोती, शिफॉन आणि बडोद्याची लेक

उन्हाळ्यात सोन्यापेक्षा मोती डोळ्याला गार वाटतो. तन्मणी, चिंचपेटी, मोत्याच्या बांगड्या, नथ: पेशवाईपासून पांढरपेशा मराठी घरांत मोत्याचं प्रस्थ मोठं. हे मोती इराणच्या आखातातून यायचे आणि बसऱ्याच्या नावाने ओळखले जायचे. मुंबई ही त्यांची मोठी बाजारपेठ होती. जपानमध्ये मिकिमोतोने १८९३ मध्ये शिंपल्यात मुद्दाम मोती तयार करून दाखवला आणि पुढच्या चार दशकांत आखातातला धंदा बसला. आज ‘बसरा मोती’ म्हणून स्वस्तात काही दाखवलं जात असेल, तर ते बसऱ्याचं नसण्याचीच शक्यता जास्त.

मोत्यांच्या बाबतीत मराठी राज्यकर्त्यांत बडोद्याच्या गायकवाडांचा हात धरणारं कुणी नव्हतं. खंडेराव गायकवाडांच्या सात पदरी हारातले अडुसष्ट मोती निवडून केलेला दोन पदरी हार २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज लिलावात सुमारे ७१ लाख डॉलरला गेला.

पण उन्हाळी थाटाच्या गोष्टीतली खरी नायिका म्हणजे याच घराण्यातली इंदिराराजे. सयाजीराव तिसरे आणि चिमणाबाई यांची ही मुलगी, जन्म १८९२ चा. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न तिने स्वतः मोडलं आणि १९१३ मध्ये कूचबिहारच्या राजकुमाराशी लग्न केलं. त्या काळात वर्तमानपत्रांना पुरून उरेल एवढी ही बातमी होती. १९२२ मध्ये नवरा गेला. विधवेने पांढरं नेसायचं हा रिवाज तिने मोडला नाही, पण जाड पांढऱ्या कापडात स्वतःला गुंडाळूनही घेतलं नाही. फ्रान्समधून साडीच्या पन्ह्याचं शिफॉन विणून घेतलं, असं सांगतात. फिकं, हलकं शिफॉन आणि गळ्यात मोत्यांचे सर. फ्लोरेन्सचे प्रसिद्ध बूटकार साल्वातोरे फेरागामो यांनी तिच्यासाठी रत्नं जडवलेले जोडे केले. तिची मुलगी म्हणजे जयपूरच्या गायत्रीदेवी, ज्यांचे शिफॉन-मोत्यांतले फोटो आजही दर उन्हाळ्यात फिरत असतात. त्या लूकचं मूळ एका मराठी घरात आहे, हे त्या फोटोखाली क्वचितच लिहिलेलं दिसतं.

मध्यमवर्गाचा उन्हाळी थाट: चैत्रगौर

शिफॉन आणि रत्नजडित जोडे हे संस्थानिकांचं झालं. गिरगाव-दादरच्या चाळींतून ठाणे-डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये राहायला आलेल्या घरांचा उन्हाळी थाट दिसायचा तो चैत्रातल्या हळदीकुंकवाला. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते आणि अक्षय्य तृतीयेला उठते. महिनाभर दुपारी उशिरा कुणा ना कुणाकडे बोलावणं. आंबेडाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी, गुलाबदाणीतून गुलाबपाणी, मनगटाला अत्तर.

आणि या उन्हात जरीचा शालू कोण नेसणार? वायल, मलमल, फार तर महेश्वरी किंवा चंदेरी. त्यावर एकच मोत्याचा दागिना, कुडी, हातात पाटल्या, आणि गजरा. लग्नातल्या दागिन्यांचं प्रदर्शन इथे नव्हतं. कमी पण नेमकं घालायचं, कारण घाम येतो. आज ज्याला ‘समर स्टायलिंग’ म्हणतात ते यापेक्षा फार वेगळं काही सांगत नाही.

पडद्यानेही यात भर घातली. ‘सांगत्ये ऐका’ या १९५९ च्या चित्रपटातल्या जयश्री गडकरांच्या लावणीने बुगडी घरोघरी पोचवली. ‘होणार सून मी ह्या घरची’ मालिकेने तर मंगळसूत्राच्या एका प्रकाराला नायिकेचंच नाव दिलं. ठाण्याच्या राम मारुती रोडवर ‘जान्हवी मंगळसूत्र’ मागितलं की दुकानदाराला पुढे काही सांगावं लागत नसे.

आजीची बोरमाळ मोडायची का?

२०२५ च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅम सोन्याचा भाव एक लाखाच्या पुढे गेला. तेव्हापासून बऱ्याच घरांत एकच चर्चा आहे: जुनं मोडून नवं करू. इथे सावध राहायला हवं.

जुन्या बोरमाळेचे मणी बहुतेक वेळा भरीव नसतात. आत लाख असते आणि वर सोन्याचा पातळ पत्रा. वज्रटिकेत कापड, तन्मण्यात दोरा, जडावाच्या खोडात खडे आणि लाख. त्यामुळे काट्यावर जे वजन दिसतं ते सगळं सोन्याचं नसतं. लाख जाते, घट धरली जाते, आणि चाळीस ग्रॅमची वाटलेली माळ हातात पैसे देताना बरीच हलकी होते. यात दरवेळी फसवणूकच असते असं नाही, दागिन्याची जातच तशी आहे. उलट बाजूने पाहिलं तर त्या माळेची खरी किंमत कामात होती, आणि काम वितळवता येत नाही. वितळतं ते फक्त सोनं. तुटलेली असेल तर पटवेकऱ्याकडून नव्याने गाठवून घेणं हा मोडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त मार्ग आहे. पटवेकरी आता कमी झालेत, पण सराफाला विचारलं तर तो काम करून आणून देतो.

तरीही मोडायचंच ठरलं, तर तीन गोष्टी आधी करा. दागिन्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. सोन्याची शुद्धता हॉलमार्किंग केंद्रात तपासून घ्या. आणि वितळवण्याआधीचं व नंतरचं वजन स्वतःसमोर, लेखी मागा.

नवं घेताना हॉलमार्क बघायचा. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हवा. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की तपशील दिसतो. २२ कॅरेटवर ९१६ आणि १८ कॅरेटवर ७५० असा आकडा असतो. दोन ग्रॅमपेक्षा हलके नग आणि कुंदन-जडावाचे दागिने या सक्तीतून वगळलेले आहेत. छोटी नथ किंवा जडावाची कुडी घेताना म्हणूनच पक्कं बिल जास्त महत्त्वाचं.

बाकी संध्याकाळी सहाच्या कल्याण लोकलमध्ये गळ्यात खरी ठुशी घालून चढण्याचं धाडस कुणी करत नाही. तिथे एक ग्रॅमवाली आणि चापाची नथच बरी. न टोचलेल्या नाकालाही चालते, आणि कल्याणला उतरेपर्यंत पडली तरी जीव जात नाही.

मोती घालणार असाल तर मात्र क्रम पाळा. मोती हा मुळात चुनाच, कॅल्शियम कार्बोनेट, आणि घाम, अत्तर, सनस्क्रीन यांनी त्याचं पाणी उतरतं. आधी अत्तर लावायचं, ते सुकू द्यायचं, मग मोती घालायचे. घरी आल्यावर ओल्या मऊ कापडाने पुसून, वाळवून, सुती कापडात ठेवायचे. हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. गुलाबपाणी शिंपडणाऱ्या काकूंपासून तन्मणी थोडा लांब धरलेला बरा.