तळटीप : जट

जट म्हणजे न विंचरल्याने एकमेकांत अडकून घट्ट झालेला केसांचा पेड. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या भक्तांत हे देवीचे बोलावणे मानले जाते : कापायचे नाही, भंडारा लावून पुजायचे. जट आलेल्या कित्येक मुली याच समजुतीपायी देवीला सोडल्या गेल्या. मात्र तेल, धूळ, घाम आणि हळद यांचा थर साचला की केस सुटत नाहीत, यात दैवी काही नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी समजूत घालून शेकडो बायकांच्या जटा कापल्या आहेत. मानेवरचे ओझे उतरते, उवा-कोंड्याचा जाच थांबतो.

यावर आक्षेप येतो, की कृष्णवर्णीयांचे ‘लॉक्स’ अभिमानाचे आणि आमची जट तेवढी अंधश्रद्धा, हा कुठला न्याय? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण दाट कुरळ्या केसांचे लॉक्स बहुधा ठरवून राखले जातात : नियमित धुतात, आतपर्यंत वाळवतात, मुळाशी वाढलेले केस पुन्हा पिळून घेतात आणि नको झाले तर कापतात. अशा केसांवरून शाळेत वा नोकरीत भेदभाव होऊ नये म्हणून कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये कायदाही केला. जटवालीला मात्र कापण्याची मुभाच नसते, कोप होईल ही धास्ती घरचेच घालतात. स्वखुशीने जटा राखणाऱ्या साधूला इथे कोणी कात्री दाखवत नाही, हेही आक्षेपकांनी ध्यानात घ्यावे.