शिकाऱ्याची पायवाट : तुर्गेनेव्हच्या टिपणांचा रूपबंध आणि भूदासप्रथा

इव्हान तुर्गेनेव्ह (१८१८–१८८३) याच्या 'शिकाऱ्याची टिपणे' (१८५२) या ग्रंथाची चर्चा भूदासप्रथेवर आघात करणारी साहित्यकृती म्हणून होत आली आहे, आणि ती रास्तही आहे. मात्र या चर्चेत शीर्षकातला 'शिकारी' बहुधा बाजूला पडतो. निवेदकाला खेडोपाडी हिंडवण्याची एक सबब, एवढेच शिकारीचे स्थान उरते. वस्तुतः शिकारीच्या एका विशिष्ट प्रकाराने या टिपणांचा रूपबंध घडवला आहे. आणि त्या रूपबंधाची नैतिक मर्यादाही त्याच प्रकारातून आलेली आहे.

रशियन जमीनदारवर्गात शिकारीच्या दोन परंपरा होत्या. पहिली घोडेस्वारांची : कुत्र्यांचे तांडे, नोकरांचा लवाजमा, शिंगांचे आवाज आणि समोर ससा, कोल्हा किंवा लांडगा. 'युद्ध आणि शांती'मधील रोस्तोव्ह कुटुंबाची शिकार या प्रकारची आहे. ती वर्गाच्या वैभवाचे प्रदर्शन असते. दुसरी परंपरा बंदूक आणि एखाद-दुसरा कुत्रा यांची. हा कुत्रा, रशियनमधला 'लेगावाया', वाऱ्याकडे तोंड ठेवून रान आडवेतिडवे पिंजून काढतो आणि दडलेल्या पक्ष्याचा गंध लागताच जागच्या जागी थिजतो. शिकाऱ्याने दबक्या पावलांनी जवळ जायचे, पक्षी उठवायचा आणि मग बार काढायचा. ही शिकार पायी, सावकाश आणि जवळजवळ नि:शब्द असते. तेतेरेव, तित्तिर किंवा पाणलावा कोठे मिळेल हे स्थानिक माणसालाच ठाऊक असल्याने जमीनदाराला शेतकऱ्याच्या मागून चालावे लागते. अंधार पडला की त्याच्याच गोठ्यात किंवा गवताच्या कोठारात अंग टाकावे लागते. वर्गीय अंतर नाहीसे होत नाही, पण त्याची शिस्त काही तासांपुरती सैल होते. या सैल झालेल्या अवकाशातच तुर्गेनेव्हचे निवेदन संभवते.

'खोर आणि कालिनिच' हे पहिले टिपण १८४७ मध्ये 'सोव्रेमेन्निक' नियतकालिकाच्या पहिल्या अंकात, संकीर्ण मजकुराच्या सदरात छापले गेले. 'शिकाऱ्याच्या टिपणांतून' हे उपशीर्षक त्याला इव्हान पानायेव्हने जोडले. टिपणाच्या प्रारंभी ओर्योल आणि कालुगा या दोन प्रांतांतील शेतकऱ्यांची तुलना येते, आणि लगोलग त्याच प्रांतांतील शिकारीच्या रानांचीही. ओर्योलमधली जंगले संपत आली आहेत, कालुगात ती अजून पसरलेली आहेत. माणसाचे राहणे आणि पक्ष्याचे राहणे एकाच नजरेने वाचले जाते. मात्र या नजरेची किंमत कोण मोजतो, हेही येथेच उघड होते. कालिनिचला आपल्या शेतीकडे पाहायला सवड नाही, कारण मालक पोलुतिकिन त्याला रोज शिकारीला नेतो. मालक स्वतःच हे सहजपणे सांगतो; त्यात त्याला काही वावगे वाटत नाही.

'येर्मोलाय आणि गिरणीवाली' या टिपणात हे नाते अधिक तीक्ष्ण होते. येर्मोलाय हा शेजारच्या जमीनदाराचा भूदास. त्याने दरमहा दोनेक जोड्या तेतेरेव आणि तित्तिर मालकाच्या मुदपाकखान्यात पोचवायचे. दारू-छर्रे मात्र मालक देणार नाही. येर्मोलायकडे वालेत्का नावाचा कुत्रा आहे आणि त्याला तो कधीच खायला घालत नाही. दोन्ही गोष्टींमागचे तत्त्व एकच, असे निवेदक विनोदाच्या सुरात नोंदवतो. मालक, भूदास आणि कुत्रा अशी ही उतरंड एका वाक्याच्या उपरोधात उभी राहते. त्याच रात्री गिरणीपाशी निवेदकाला आरिना भेटते. मालकाने तिला लग्नाची परवानगी नाकारली होती आणि पुढे तिचे केस कापवून तिला गावी धाडले होते; तिचा प्रियकर सैन्यात गेला. शिकाऱ्याला रात्रीच्या आसऱ्याची गरज नसती, तर ही कहाणी अशी समोर आली नसती.

परंतु शिकारी ऐकतो आणि पुढे जातो. 'कारभारी' या टिपणात कारभारी सोफ्रोन गावाला कसा पिळून काढतो हे निवेदकाला एका शेतकऱ्याकडून कळते, आणि त्यानंतर टिपण शिकारीला निघण्यावर संपते. हा शेवट बेफिकिरीचा नाही. निवेदकाजवळ याहून दुसरे काही करण्याची जागाच नाही, याची ती रूपबंधातली कबुली आहे. शिकारी हा साक्षीदार खरा, पण तो ज्या मालकवर्गाविषयी साक्ष देतो त्याच वर्गाचा आहे.

राज्यसत्तेला या साक्षीचा अर्थ उशिरा उमगला. सुटी टिपणे काटछाट सोसूनही नियतकालिकातून प्रसिद्ध होत राहिली; ती एकत्र आली तेव्हा त्यांतून एक व्यवस्थाच दिसू लागली. १८५२ च्या वसंतात गोगोलवरील मृत्युलेखाच्या निमित्ताने तुर्गेनेव्हला महिनाभर अटकेत ठेवून नंतर स्पास्कोये या त्याच्या जहागिरीवर स्थानबद्ध करण्यात आले. त्याच वर्षी ग्रंथ बाहेर पडला आणि त्याला संमती देणारा परिनिरीक्षक ल्वोव्ह नोकरीतून बडतर्फ झाला.

भूदासप्रथा १८६१ मध्ये रद्द झाली. प्रश्न संपला नाही. १८७५ ते १८७७ या काळात क्रमशः आलेल्या 'आना कारेनिना'मध्ये लेविन लास्का या कुत्रीसह पाणलाव्यांच्या शिकारीला जातो. रात्री शेतकऱ्याच्या गवताच्या कोठारात त्याचा ओब्लोन्स्कीशी वाद होतो : आपली मिळकत न्याय्य नसेल, तर ती सोडायची की निमूट उपभोगायची? उत्तर मिळत नाही. पहाटे लेविन एकटाच लास्काला घेऊन निघतो, आणि तोल्स्तोयचे निवेदन कुत्रीच्या गंधसंवेदनेत शिरून विलक्षण उजळते. तुर्गेनेव्हच्या निवेदकाने जे केवळ ऐकले होते, ते लेविन स्वतःला विचारतो; पण सकाळी दोघांचेही पाऊल रानाकडेच वळते. रशियन गद्यातील शिकारीचे सौंदर्य या न सुटलेल्या प्रश्नापासून वेगळे काढून वाचणे म्हणजे, शिकाऱ्याला वाट दाखवीत पुढे चालणारा माणूस त्या चित्रातून पुसून टाकणे होय.